गॅटलिनबर्गला जाताय? पार्कवेवरच्या फुकट तिकिटांपासून लांब रहा

अटलांटाकडची आपली बरीच मंडळी लाँग वीकेंडला स्मोकी माउंटन्सला जातात, चार तासांचा ड्राइव्ह, मस्त केबिन, हॉट टब, रात्रभर पत्ते, म्हणून मुद्दाम लिहितेय. टेनेसीतलं हे गॅटलिनबर्ग एवढंसं गाव, वस्ती चार हजारांच्या आतली, पण नॅशनल पार्कच्या तोंडाशीच असल्यामुळे मेन रोडला, म्हणजे पार्कवेला, शनिवारी तुळशीबागेसारखी गर्दी. टॅफीची दुकानं, मूनशाइन दारू चाखायला देणारे, पॅनकेकवाले, आणि यांच्या मधेमधे छोटी ऑफिसं, वर पाटी 'व्हिजिटर इन्फर्मेशन' नाहीतर 'डिस्काउंट तिकिट्स'. बाहेर नकाशांचा रॅक, आत गोड बोलणाऱ्या आजीबाई. बघणाऱ्याला वाटतं गावाचंच टुरिस्ट ऑफिस असेल. यातली बरीचशी टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधे दरवर्षी ठरावीक दिवस राहायचा हक्क, विकणाऱ्यांची असतात.

आम्ही आत गेलो पार्किंग टॅग विचारायला. (पार्कात एंट्री फुकट आहे पण 2023 पासून पंधरा मिनिटांच्या वर गाडी लावायची तर टॅग लागतो, दिवसाचा 5 डॉलर, आठवड्याचा 15. हे नवीन लोकांना माहीत नसतं.) आजीबाईंनी ते नीट सांगितलं आणि मग हळूच, आज संध्याकाळी काय प्लॅन? डिनर शोची तिकिटं आणि वर शंभर डॉलरचं कार्ड, सगळं फ्री, फक्त उद्या सकाळी नव्वद मिनिटं एक रिसॉर्ट बघून यायचं, नाश्ता पण तिकडेच. मग प्रश्न सुरू. लग्न झालंय का, दोघंही येणार ना, वय काय, वर्षाचं इन्कम किती, क्रेडिट कार्ड आहे का. शोची तिकिटं द्यायला इन्कम कशाला लागतं हो? इथेच ओळखायचं आणि बाहेर पडायचं. वर चाळीस डॉलर डिपॉझिट, रिफंडेबल म्हणे. आमच्या घरच्यांना पार्कातल्या केड्स कोव्ह दरीत अस्वलं बघायची होती म्हणून आम्ही सुटलो, आमच्या ग्रुपमधला एक मित्र आणि वहिनी मात्र हो म्हणून बसले.

सकाळी नऊला गेले. आम्ही कोव्हचा अकरा मैलांचा लूप करून, अस्वल न बघता, ट्रॅफिकमधे रखडून परत आलो तरी यांचा पत्ता नाही, फोन पण उचलेनात. आले तेव्हा वहिनींचा चेहरा उतरलेला आणि हातात ही जाडजूड चकचकीत फाइल.

आत काय झालं ते वहिनींनी सांगितलं. सेल्समन समोर बसून कागदावर मार्करने उलटं लिहीत होता, म्हणजे यांना सुलटं वाचता यावं म्हणून, काय प्रॅक्टिस असेल! वर्षाला हॉटेलवर किती खर्च करता, गुणिले वीस वर्षं, बघा एवढे पैसे पाण्यात. यांनी नाही म्हटलं की मॅनेजर, मॅनेजरला नाही म्हटलं की त्याच्यावरचा, आणि दरवेळी भाव खाली, 32 हजार डॉलरवरून 19 हजारांवर, पण ऑफर फक्त आजच्या दिवसाची. शेवटी एक देसी माणूस आणून बसवला, भैया मैंने भी लिया है, आपके गोवा में भी चलेगा. गोव्यात चालतं ते एक्स्चेंजमधून, म्हणजे आपले दिवस दुसऱ्या रिसॉर्टशी बदलून देणाऱ्या कंपनीकडून, त्याची मेंबरशिप वेगळी, फी वेगळी, आणि जागा मिळाली तर. हे कोण सांगणार. मेंटेनन्स फी दरवर्षी भरायची आणि ती वाढत जाते, तर म्हणे वापरायचं नसेल तेव्हा भाड्याने द्या, फी सुटेल. डाउन पेमेंटसाठी तिथल्या तिथे यांच्या नावाने नवीन क्रेडिट कार्ड काढलं, उरलेलं लोन सतरा टक्क्यांनी, सह्या सगळ्या टॅबलेटवर भराभर.

रात्री केबिनमधे आम्ही ती फाइल उघडून बसलो. तोंडी सांगितलेलं काहीच धरू नये असं एक कलम आहे आणि त्याखाली वहिनींची सही. संपलं. तेवढ्यात कोणीतरी ईबेवर बघितलं तर त्याच रिसॉर्टचे पॉइंट्स (टाइमशेअरचा हक्क यातच मोजतात) लोक एक डॉलरला विकायला काढतायत.

पण त्याच फाइलमधे कॅन्सल करायचा हक्क पण लिहिलेला होता, आणि खरं तर हे सांगण्यासाठीच एवढं टाइप करतेय. टेनेसीत जागा बघून सही केली असेल तर 10 दिवस मिळतात, न बघता केली असेल तर 15. जॉर्जियात 7, साउथ कॅरोलिनात 5, म्हणजे सही कुठल्या राज्यात केली ते बघा आणि कॉन्ट्रॅक्टमधली तारीख वाचा. फोन करत बसू नका, फोनवर गोड बोलून दिवस घालवतात. साधं पत्र लिहायचं, कॉन्ट्रॅक्ट नंबर, तारीख, आम्ही कॅन्सल करतोय, बस, कारण द्यायची गरज नाही. ज्यांच्या ज्यांच्या सह्या आहेत त्या सगळ्यांनी सही करायची आणि कॉन्ट्रॅक्टमधे कॅन्सलेशनसाठी जो पत्ता दिलाय त्यावरच सर्टिफाइड मेलने (नोंद राहणारं टपाल), रिटर्न रिसीट म्हणजे पोचपावतीसकट पाठवायचं. पोस्टाचा शिक्का असलेली पावती जपून ठेवा. मित्राने सोमवारी सकाळीच ऑफिसला दांडी मारून हे केलं आणि पैसे परत आले. ते नवीन कार्ड वेगळं बंद करावं लागलं आणि त्याची हार्ड इन्क्वायरी (कार्ड देताना रिपोर्ट तपासल्याची नोंद) दोन वर्षं क्रेडिट रिपोर्टवर दिसत राहणार ती राहणारच.

आणि ज्यांची मुदत निघून गेलीये त्यांनी 'आम्ही तुम्हाला टाइमशेअरमधून बाहेर काढतो' म्हणून आधी पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका, एफटीसी ही ग्राहकांचं हित बघणारी सरकारी संस्थासुद्धा त्यांच्याबद्दल सावध करते. आधी रिसॉर्टलाच विचारा परत घेता का, नाहीतर त्या राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे (राज्याचा मुख्य सरकारी वकील) तक्रार टाका, त्याला पैसे पडत नाहीत. या मित्राचं तर कॅन्सल होऊन सगळं मिटलंय तरी असले फोन त्याला अजून येतात.