‘स्वखुशीने’ लिहिलेल्या कागदावर सही केली आणि तीन पगार गेले

जळगाव एमआयडीसीतल्या एका चटई कारखान्यात मी अकरा वर्षं डिस्पॅचला होतो. गाडी भरून घ्यायची, नग मोजायचे, गेटपास फाडायचा, हे माझं काम. प्रकरण अजून चालू आहे, म्हणून कारखान्याचं आणि शेठचं नाव लिहीत नाही. पण जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, तुमच्यापुढे असा कागद आला तर आधी हे वाचा.

2022 च्या फेब्रुवारीत शिफ्ट सुटताना शेठनी सगळ्यांना लूमजवळ थांबवलं. प्लास्टिकचा दाणा महागला, बँकेचे हप्ते थकले, कारखाना बंद करावा लागेल, असं सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग मोबाइलवर एक जुनी बातमी वाचून दाखवली. 2009 मध्ये ब्रिटिश एअरवेजने कामगारांना बिनपगारी काम करायची विनंती केली आणि हजारो जण पुढे आले म्हणे. ‘ते परके असून करतात, आपण तर घरचे.’

माझी पोरगी दवाखान्यात होती तेव्हा याच माणसाने मला वीस हजार उसने दिले होते. पहिला हात मी वर केला. मागची पोरं घुटमळत होती, त्यांना मीच म्हणालो, ‘करून टाका भो सही, शेठ काय पळून चालले का?’ ते वाक्य अजून झोपू देत नाही.

ती बातमी मी नंतर पूर्ण वाचली. तिथे काळ आधीच ठरलेला होता, एक आठवडा ते चार आठवडे. बहुतेकांनी बिनपगारी रजा किंवा कमी तास घेतले होते, फुकट काम करायला तयार झालेले जेमतेम 800. आणि कंपनीच्या प्रमुखाने स्वतःचा जुलैचा पगार सोडला होता. आमच्या शेठकडे त्याच वर्षीच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नवी गाडी आली.

कागद एका पानाचा होता. ‘मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय, मार्च ते मे विनावेतन सेवा देत आहे.’ पैसे परत कधी मिळणार, याची एक ओळ नाही. तोंडी मात्र ‘दिवाळीला बोनससकट देतो’. प्रत कुणालाच दिली नाही, आणि आम्हीही मागितली नाही.

बाहेर 45 अंश, वर पत्रा, शेजारी दाणा वितळवणाऱ्या एक्स्ट्रूडरची धग, अशात पोरांनी बारा-बारा तास काढले. खरं तर मला तेव्हाच कळायला हवं होतं, कारण गेटपास मीच लिहीत होतो. आधी दिवसाला एक गाडी निघायची, आता दोन. मेमध्ये बिलबुक बदललं. गठ्ठ्यावर लेबल आमचंच, पण बिलावर फर्म वेगळी, जीएसटी नंबर वेगळा. विचारलं तर ‘बँकेच्या कटकटीमुळे केलंय’. ती फर्म शेठच्या मेव्हण्याची निघाली. आम्ही फुकट विणलेला माल तिकडे गेला, जुन्या कंपनीच्या नावावर फक्त कर्ज राहिलं.

जूनपासून अर्धा पगार सुरू झाला. थकलेल्याचं विचारलं की दिवाळी, मग संक्रांत, मग पाडवा. 2023 च्या आखाजीच्या सुट्टीत लूम उचलून नेले. पीएफचं पासबुक तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. पगारपत्रकात दरमहा 12 टक्के कपात, आणि 2021 च्या ऑक्टोबरनंतर खात्यात एक रुपया नाही. कापून घेतलेला पीएफ न भरणं हा विश्वासघाताचा फौजदारी गुन्हा आहे, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.

जुलैत कामगार कार्यालयात गेलो. तिथे कळलं की वेतन प्रदान अधिनियम 1936 च्या कलम 23 प्रमाणे पगाराचा हक्क सोडल्याचा करार रद्दबातल असतो. म्हणजे त्या सहीने आमचं काहीच अडत नव्हतं. अडलं ते मुदतीवर. दावा 12 महिन्यांत करायचा होता आणि आमचे तिन्ही महिने उलटून गेले होते. दिवाळी, संक्रांत, पाडवा कशासाठी चाललं होतं ते त्या बाकावर बसल्यावर उमगलं. तिघांनी शेठचे व्हॉइस मेसेज जपून ठेवले होते, ‘पुढच्या महिन्यात नक्की’ म्हणणारे. त्यांचा उशीर माफ झाला. माझ्या फोनमध्ये काही नव्हतं.

21 नोव्हेंबर 2025 पासून त्या 1936 च्या कायद्याच्या जागी वेतन संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात दाव्याला तीन वर्षं आहेत. तरी थांबू नका. मालकाला मदत करायचीच असेल तर कागदावर ‘विनावेतन’ लिहू देऊ नका. ‘थकीत पगार’, रक्कम आणि देण्याची तारीख लिहून घ्या, सही करण्याआधी फोटो काढा. हजेरीच्या पानाचाही काढा. पीएफ पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचा असतो, त्यामुळे 20 तारखेला पासबुक उघडून बघा.

मे 2022 च्या गेटपासच्या कार्बन प्रती माझ्या घरी आहेत. आमच्यापैकी ज्याला दाव्यासाठी लागतील त्याने कधीही यावं, झेरॉक्स मी काढून देईन.