बारा हजारांचा टॅबलेट : एक उन्हाळा, एक पावसाळा आणि नसलेला सेन्सर

चार्जिंग पोर्ट दुरुस्त होऊन आमचा टॅबलेट परवा घरी आला, तेव्हा आता त्याच्याबद्दल लिहायला हरकत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने किती मागितले आणि प्रत्यक्षात किती लागले ते पुढे येईलच. पण माझा खरा राग पोर्टवर नाही. राग आहे तो प्रकाशाच्या सेन्सरवर, म्हणजे ह्या टॅबलेटला जो दिलेलाच नाही त्याच्यावर.

स्पेसिफिकेशन एका ओळीत उरकतो : दहा इंची, १२८०×८००, ४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, फक्त वायफाय, बारा हजारांच्या आत. कंपनीचं नाव लिहीत नाही. ह्या किमतीत चार-पाच कंपन्या जवळजवळ हाच माल वेगवेगळ्या पाठी लावून विकतात. आमच्या गोव्यातल्या फोंड्याच्या दुकानात हाच दीड हजारांनी महाग होता, म्हणून ऑनलाइन सेलमध्ये घेतला. दुकानदाराने "बाब, सर्व्हिसीक मागीर म्हजेकडे येवपाचें ना" (दुरुस्तीला नंतर माझ्याकडे यायचं नाही) असं हसत सांगितलं होतं. मीही हसलो होतो.

घेतला कशासाठी, तर घरात इकडून तिकडे फिरवायला. पप्पांना सकाळी ई-पेपर लागतो, त्यातही आधी निधनवार्ता आणि वर्षश्राद्धाच्या जाहिराती. बायकोला स्वयंपाकघरात यूट्यूब. मला वीजबिल, एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्यातला सातबारा (कुळागराच्या, म्हणजे पोफळीच्या बागेच्या, वाटणीचा विषय आमच्या घरात कधीच बंद होत नाही) आणि रात्री जेवणानंतर जुनं नाट्यसंगीत. गेम कोणी खेळत नाही. व्हॉट्सॲप माझ्याच फोनच्या नंबराला लिंक करून ठेवलंय, त्यामुळे माझे मेसेज घरात सगळेच वाचतात. हा दोष टॅबलेटचा नाही.

वेगाबद्दल लोक उगाच घाबरवतात. ब्राउझिंगला ४ जीबी पुरते. क्रोममध्ये टॅब फार झाले की मागचे परत लोड होतात, बाकी तक्रार नाही. ॲप उघडायला आळस आहे, उघडल्यावर ठीक चालतं. ह्याला बऱ्याचदा प्रोसेसरपेक्षा स्टोरेज कारणीभूत असतं. स्वस्तातल्यांना ईएमएमसी ह्या संथ प्रकारची लावतात, वरच्या किमतीत यूएफएस ही वेगवान येते. प्ले स्टोअरचे अपडेट चालू असताना टॅबलेट जड होतो तोही त्यामुळेच. खोक्यावर 'रॅम ८ जीबीपर्यंत वाढते' असं ठळक छापलेलं असतं, ते म्हणजे ह्याच संथ स्टोरेजचा एक तुकडा रॅमच्या जागी वापरणं. मी ते बंद करून टाकलं. काडीचा फरक पडला नाही.

वायफायचं आमच्यासारख्या घरांना सांगायला हवं. घर जुनं, चिऱ्यांचं, भिंती दीड हात जाड. राउटर सालात, म्हणजे बैठकीच्या खोलीत. पाच गिगाहर्ट्झचा सिग्नल दुसऱ्या भिंतीपाशी मान टाकतो. २.४ वर नेलं की वेग कमी, पण मागच्या पडवीपर्यंत पोचतो. तेव्हा 'ड्युअल बँड' (हे दोन्ही सिग्नल) म्हणून जास्त पैसे मागत असतील तर आधी आपल्या भिंती बघा.

ओटीटीसाठी कोणी घेत असेल तर दुकानातच डीआरएम इन्फो नावाचं छोटं ॲप टाकून वाइडवाइनची, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या कुलपाची, पातळी बघावी. एल-३ ही सगळ्यांत खालची पातळी दिसली तर पैसे भरूनही बहुतेक ठिकाणी चित्र ४८० वरच अडकतं. आमच्याकडे एल-३ आहे आणि आमचं काही अडलं नाही.

आता सेन्सर.

आठ हजारांच्या फोनलाही असतो तो. अंधारात गेलात की पडदा आपोआप मंद, उजेडात आलात की तेज. टॅबलेटवाल्यांनी बहुधा ठरवलंय की माणूस टॅबलेट घेऊन एका खोलीत एकाच दिव्याखाली बसतो. त्यांनी गोव्यातलं घर पाहिलेलं दिसत नाही. पुढच्या पडवीत सकाळी सातलाच लख्ख उजेड, आणि तिथून दोन पावलं आत माजघरात भरदुपारीही दिवा लावावा लागतो. पप्पा पडवीतल्या सोप्यावर, म्हणजे बांधीव बाकावर, बसून पेपर वाचतात तेव्हा ब्राइटनेस पूर्ण लागतो, नाहीतर पडद्यात समोरचा माड दिसतो. ऊन अंगावर आलं की ते आत येतात आणि तोच पडदा तोंडावर टॉर्च मारल्यासारखा होतो. मग हाक येते, "हें मात्शें उणें कर रे!" थोड्या वेळाने परत बाहेर. परत हाक.

त्यांना शिकवलं नाही असं नाही. वरून दोनदा खाली ओढायचं, पट्टी येते, ती सरकवायची. पण त्यांचं बोट जरा थरथरतं. पट्टीऐवजी शेजारचा एरोप्लेन मोड दाबला जातो आणि मग "नेट गेलें" म्हणून आणखी एक हाक.

उपाय सगळे करून झाले. डार्क थीम सूर्यास्तानंतर आपोआप लागेल अशी लावली. तिने रात्रीचा प्रश्न सुटतो, माजघराचा नाही. अँड्रॉइड १२ पासून 'एक्स्ट्रा डिम' आहे, पण ते चालू राहिलं की पडवीत पडदा काळा आणि टॅबलेट बिघडला अशी बोंब. पुढच्या कॅमेऱ्याने उजेड मोजून ब्राइटनेस बदलणारी ॲप्सही मिळतात. एक टाकून बघितलं. बॅटरी खातं, आणि सोप्यावर बसलेल्या माणसाकडे कॅमेरा अधूनमधून बघतोय हे काही बरं वाटेना. काढून टाकलं.

घ्यायला जाणाऱ्यांनी दुकानात सेटिंग्जमध्ये 'डिस्प्ले' उघडावं. तिथे 'ॲडॅप्टिव्ह ब्राइटनेस' हा पर्यायच दिसला नाही तर सेन्सर नाही असं समजावं. ऑनलाइन घेताना सेन्सरची ओळ वाचावी. तिथे फक्त ॲक्सेलरोमीटर लिहिलेलं असेल, तर त्याला एवढंच कळतं की टॅबलेट उभा आहे की आडवा.

सुरुवातीचा परिच्छेद सोडला तर इथपर्यंतचं मी मे महिन्यात लिहून ठेवलं होतं. मग पाऊस लागला, चवथ (गणेशचतुर्थी) झाली, आणि दोन बाबतींत मत बदललं.

पहिली बाब स्पीकर. मेमध्ये मी 'स्पीकर चांगले' असं लिहिलं होतं. रात्री शांततेत आमच्याच तालुक्यातल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी लावायचो, १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात पाठवलेली तीच. जुन्या ध्वनिमुद्रणात खर्जाचा भाग तसा थोडाच उतरलेला असतो, त्यामुळे अशा बारक्या स्पीकरवर ते नव्या गाण्यांपेक्षा उलट बरं लागतं. पण जूनमध्ये पडवीच्या पत्र्यावर पाऊस सुरू झाला आणि केसरबाई राहोत, बातम्या देणाराही ऐकू येईना. पूर्ण आवाज केला तर मागची पाठ थरथरते, आवाज तेवढाच. नशिबाने ३.५ मिलिमीटरचा जॅक आहे. कॉम्प्युटरचे जुने स्पीकर माळ्यावरून काढून लावले. हल्ली महागड्या टॅबलेटांतून हा जॅक काढून टाकतात, म्हणून इथे स्वस्ताला एक गुण जास्त.

दुसरी बाब पडद्याची. १२८०×८०० म्हणजे दहा इंचांवर इंचाला सुमारे १५० पिक्सेल. तेव्हा मला ते पुरेसं वाटलं होतं, कारण १९२०×१२०० वाला तीन हजारांनी महाग होता आणि इंग्रजी वेबसाइटी ह्याच्यावर स्वच्छ दिसत होत्या. पण ई-पेपर म्हणजे छापील पानाचं चित्रच. वेबपानासारखं त्यातलं अक्षर तेवढं मोठं करता येत नाही, अख्खं पान ताणावं लागतं. पूर्ण पान पडद्यावर घेतलं की 'द्ध', 'ष्ट', 'क्ष' ह्यांचे गोळे होतात आणि रफार कुठल्या अक्षरावर आहे ते अंदाजाने वाचायचं. उन्हाळ्यात पप्पा तासभर वाचून उठायचे. जुलैत बाहेर पडायला नको, तर दिवसभर हातात तोच. डोळे दुखायला लागले. पूर्ण पानाचा पेपर वाचायला टॅबलेट घेत असाल तर तीन हजार जास्त घाला. तिथे इंचाला सव्वादोनशेच्या आसपास पिक्सेल मिळतात. नुसता यूट्यूब असेल तर हाच पुरे.

चवथीला मात्र ह्या वस्तूने मान मिळवला. मूळ घरात सगळा गोतावळा जमतो आणि आरतीच्या वेळी दर वर्षी तीच पंचाईत : पहिली दोन कडवी सगळ्यांना येतात, तिसऱ्याला नुसत्या झांजा. ह्या वेळी आरत्यांची पीडीएफ उघडून टॅबलेट माटोळीखाली (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या छताखाली) पाटावर टेकवून ठेवला. अक्षर मोठं केलेलं, मागच्या रांगेतल्या काकीलाही वाचता येईल असं. अट एकच, 'स्क्रीन टाइमआउट' आधी वाढवून घ्यायचा, नाहीतर ऐन कडव्यात पडदा मिटतो. तो आमचा पहिल्या आरतीलाच मिटला. दुसऱ्या आरतीला सगळं सुरळीत चाललेलं असताना कुठेतरी तारेवर चुडत (माडाची झावळी) पडलं असावं, लाईट गेली. समयांच्या उजेडात पूर्ण ब्राइटनेसचा तो पांढरा चौकोन. सगळं घर डोळे बारीक करून आरती म्हणतंय. सेन्सर असता तर?

आणि मग पोर्ट. चवथीचे पाहुणे पांगले तोवर चार्जिंग अडायला लागलं. केबल तिरकी धरली की घेतं, सोडली की नाही. आधीच ह्याचं चार्जिंग संथ, सोबतच्या १० वॉटच्या चार्जरने रिकाम्या बॅटरीला साडेतीन तास तरी लागतात. चार्जर दोन पिनांचा, म्हणजे अर्थिंग नाही. चार्जिंग चालू असताना धातूच्या पाठीवरून हात फिरवला की मुंग्या आल्यासारखं होतं आणि कधी कधी बोट न लावता पानं आपोआप सरकतात. चार्जर बदलल्यावर ते पुष्कळ कमी झालं, पण पोर्ट हळूहळू गेलंच. टॉर्चने बघितलं तर आतल्या पिनांवर हिरवट थर.

पणजीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. मुलाने टॅबलेट आत नेऊन उघडला, बाहेर येऊन मोबाईलवर फोटो दाखवला. आतला एक बारका पांढरा स्टिकर गुलाबी झालेला.

"बाब, हातूंत उदक गेलां."

"उदक खंयचें? हवेंतलें?"

तो हसला, पण कागदावर त्याने 'लिक्विड डॅमेज' असंच लिहिलं. वॉरंटी रद्द, मदरबोर्ड बदलावा लागेल, ६,८०० रुपये. बारा हजारांच्या आतल्या वस्तूला! मी म्हटलं, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो इथे. जुलैत कपाटातल्या चपलांवर बुरशी येते, मीठ बरणीत पाझरतं. अशा ठिकाणी विकताना हे आधी सांगायला नको? वॉरंटीच्या कागदात बारीक अक्षरांत आहे म्हणाला. आहेही.

१९१५ लावला, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. तक्रार नोंदली, क्रमांक मिळाला, पुढे कंपनीकडून हिंदीत फोन आला. 'खास तुमच्यासाठी' वीस टक्के सूट. हेल्पलाइन तक्रार कंपनीपर्यंत पोचवते, निवाडा करत नाही. निवाडा हवा तर ग्राहक आयोगाकडे जायचं. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे फी पडत नाही, तेव्हा ज्याची वस्तू महाग असेल त्याने जरूर जावं. माझ्या हिशेबात रजा, बसभाडं आणि डोकेदुखी धरली तर टॅबलेटची किंमत वसूल होईना.

फोंड्याच्या बाजारातल्या एका बोळात मोबाईल दुरुस्त करणारा बसतो. त्याने उघडून बघितलं आणि म्हणाला, मदरबोर्डला काय झालंय? चार्जिंगची पट्टी वेगळीच आहे, ती तेवढी गंजलीय. पट्टी मागवली, आजूबाजूचा भाग आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून साफ केला. ४५० रुपये. ६,८०० आणि ४५० हे दोन आकडे मी एका कागदावर लिहून फ्रिजवर लावलेत. बायको म्हणते काढ. काढणार नाही.

आता काळजी अशी घेतो की चार्जरची जागा स्वयंपाकघराच्या भिंतीवरून आतल्या खोलीत नेलीय. पिनांवर ओल असताना त्यांतून वीज वाहत राहिली की गंज झपाट्याने चढतो, म्हणून बॅटरी भरली की केबल काढायची. रात्रभर लावून ठेवणं बंद. पोर्टला सिलिकॉनचं बूच बसवलंय, ते मुलीने आतापर्यंत दोनदा हरवलं. आणि खोबरं खवून ओल्या हातांनी रेसिपी पुढे ढकलणं चालत नाही. थेंबाला तो बोट समजतो आणि खतखत्याच्या मध्येच केकचा व्हिडिओ लावतो.

पाचातले साडेतीन तारे. अर्धा पोर्टसाठी कापला, अख्खा सेन्सरसाठी. हे प्रमाण बायकोला पटत नाही, पण दिवसभर हाका मला येतात, तिला नाही. कालच एक नवं मॉडेल बघितलं : १९२०×१२००, आणि सेन्सरच्या ओळीत 'लाइट' असा स्पष्ट शब्द. साडेपंधरा हजार. पप्पांना दाखवलं तर म्हणाले, हा चलता न्ही, मागीर नवो कित्याक? दुरुस्तीवाल्याच्या मते नव्या पट्टीवर हा अजून दोन पावसाळे काढेल.