फिश टँकच्या लाइटला वॉटरप्रूफ एसएमपीएस: पैसे वसूल, पण ‘रेनप्रूफ’ घेऊ नका

लाइटसोबत मिळणारा १२ व्होल्टचा काळा अडॅप्टर (हाही एसएमपीएसच, म्हणजे घरच्या २३० व्होल्टचे १२ व्होल्ट डीसी करणारा सप्लाय) आपल्याकडे पाण्यानेच मरतो. उन्हाळ्यात कूलरची ओली हवा त्यावर येते, टँकचे थेंब वायरवरून उतरत थेट आत जातात. दर्यापूर-अकोटच्या खारपाणपट्ट्यात तर बोरचं पाणी वाळलं तरी क्षार बोर्डावर राहतात आणि दमट हवेत पुन्हा करंट वाहू देतात. उन्हात वाळवून चालू केलेला अडॅप्टर म्हणूनच परत बंद पडतो.

नवा घेण्याआधी दोष कोणाचा, ते पाहा. लाइट एका लयीत लुकलुकत असेल तर तो काढा आणि त्या जागी मोटरसायकलचा १२ व्होल्ट ५ वॅटचा बल्ब लावा. बल्ब स्थिर पेटला तर पाणी बहुधा लाइटच्या पट्टीत शिरलंय, अडॅप्टरमध्ये नाही. मीटरवर काही न जोडता १२ आणि लाइट जोडल्यावर ९-१० व्होल्ट दिसले तर संशय आउटपुटच्या कपॅसिटरवर (वीज साठवणारा भाग). काहीच येत नसेल तर फ्यूज किंवा मेन साइडचा (२३० व्होल्टकडचा) भाग गेला, आणि इथे दुरुस्तीचा नाद सोडलेला बरा. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी असतो, प्लग काढल्यावरही काही वेळ राहतो. त्याहून वाईट म्हणजे ट्रान्सफॉर्मरखाली २३० आणि १२ व्होल्टच्या बाजू वेगळ्या ठेवणाऱ्या मोकळ्या पट्टीवर क्षारांचा डाग पसरला की २३० व्होल्टला टँकपर्यंत वाट मिळते. असा अडॅप्टर चालू असला तरी फेकाच.

आता वॉटरप्रूफ एसएमपीएस. ॲल्युमिनियमची पेटी, आत सगळं रेझिनने भरलेलं, त्यामुळे ओल आत जायला जागाच नाही. लेबलवर आयपी ६७ असावं, म्हणजे धूळ आत जात नाही आणि थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालतो. दुकानात ‘रेनप्रूफ’ म्हणून जाळीचा डबा पुढे करतात. तो दुकानाच्या पाटीच्या लाइटांसाठी आहे, कूलरच्या वाफेपुढे त्याचं काही चालत नाही.

१८ वॅटच्या लाइटला हिशेबाने दीड अँपिअर पुरतो, पण ४५ अंशांच्या उन्हाळ्यासाठी ३ अँपिअरचा घ्या. जुन्या लाइटवर ‘३०० मिलीअँपिअर’ असं काही लिहिलं असेल तर हा सप्लाय चालणार नाही, त्याला स्वतःचा ड्रायव्हर (ठरावीक करंट देणारा सप्लाय) लागतो. हिरवी वायर अर्थिंगला जोडा. गावाकडे बोर्डात तिसरं भोक असतं, पण मागे वायर असेलच असं नाही, तपासून घ्या.

खोट दोन. बिघडला तर उघडता येत नाही. आणि पिन नसल्याने जुनी वायर कापून जोड द्यावा लागतो. तो जोड वॉटरप्रूफ नसतो. हीट-श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळणारी नळी) चढवा, जोड टँकपासून लांब ठेवा आणि वायर सॉकेटच्या खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे थेंब तिथेच गळेल. ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळू लागला की लाइन तोडणारा स्विच) मात्र कुठलाही सप्लाय लावला तरी हवाच.