स्टॅफचं प्रोटीन ए की स्ट्रेपचं एम प्रोटीन, जास्त चालू कोण?

सोलापुरात मायक्रोबायोलॉजी शिकणाऱ्या पुतणीनं परवा कडक भाकरी मोडता मोडता विचारलं, काका, आपल्या प्रतिकारशक्तीला चकवणाऱ्या या दोन जंतूंच्या प्रथिनांपैकी जास्त चालू कोण? स्टॅफ ऑरियस या जंतूच्या अंगावरचं प्रोटीन ए आपल्या रक्तातल्या आयजीजी नावाच्या, जंतूंना धरणाऱ्या अँटीबॉडीला बरोबर शेपटाकडून धरतं, म्हणजे अँटीबॉडी उलटी टांगली जाते आणि पांढऱ्या पेशीला जिथं पकडायचं असतं तोच भाग अडकून बसतो, आणि असे पकडणारे तुकडे त्यात 5. स्ट्रेप पायोजेनिस या दुसऱ्या जंतूचं एम प्रोटीन मात्र रक्तातलं फायब्रिनोजेन, म्हणजे रक्त गोठायला लागणारं प्रथिन, अंगावर ओढून घेतं, आपली सोलापुरी चादर पांघरल्यासारखं, मग कॉम्प्लिमेंटला, म्हणजे जंतूंवर चिकटून त्यांचा काटा काढणाऱ्या रक्तातल्या प्रथिनांना, नीट चिकटताच येत नाही, वर त्याचे 200 हून जास्त प्रकार, लस करणाऱ्यांना घामच फुटतो. माझं मत एमला. प्रोटीन ए तर आता आपल्याच चाकरीत, औषधाच्या अँटीबॉडी शुद्ध करायला तेच वापरतात.