स्टॅक भरून कोसळणाऱ्या प्रोग्रॅमसाठी जीडीबी : वापरानंतरचा अभिप्राय

मशीद बंदरच्या एका सुकामेवा व्यापाऱ्यासाठी आम्ही सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला साठानोंदीचा प्रोग्रॅम ऐन दिवाळीच्या तोंडावर ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ (मेमरीत नको त्या जागी हात घातल्याची सूचना) एवढेच दोन शब्द उमटवून बंद पडू लागला, आणि त्यानिमित्ताने जीडीबी हा डीबगर, म्हणजे प्रोग्रॅममधली चूक शोधण्याचे साधन, आठवडाभर हाताळण्याची वेळ आली. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली लिहिलेले हे साधन मोफत आहे. टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून ते चालवावे लागत असल्याने माउसला सरावलेल्यांना सुरुवातीला रुक्ष वाटेल.

कोअर फाइल (कोसळतानाच्या मेमरीची प्रत) उघडून बॅकट्रेस, म्हणजे कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले याची यादी, मागितली, तेव्हा एकाच फंक्शनचे नाव ओळीमागून ओळ येत राहिले. कंसातला मालाच्या वर्गाचा क्रमांक मात्र आलटून पालटून १२ आणि ३१. एंटर दाबून बोट दुखल्यावर लक्षात आले, की ‘बीटी’पुढे उणे दहा लिहिले की मेनकडच्या, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होतो त्या फंक्शनकडच्या, दहाच फ्रेम (एकेका कॉलच्या नोंदी) दिसतात आणि सुरुवात कुठून झाली ते कळते. ‘भेट डबे’चा पालकवर्ग ‘सुकामेवा’ आणि ‘सुकामेवा’चा पालकवर्ग ‘भेट डबे’, अशी नोंद कोणीतरी करून ठेवली होती व ती स्वीकारताना आम्ही काहीच तपासत नव्हतो. त्यामुळे पालकवर्ग शोधणारे फंक्शन स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावत राहिले. लिनक्सवर प्रोग्रॅमच्या मुख्य थ्रेडला (कामाच्या मुख्य धाग्याला) सहसा ८ एमबी स्टॅक, म्हणजे चालू कॉलच्या फ्रेम ठेवण्याची जागा, मिळतो. आमच्या प्रत्येक फ्रेमला ११२ बाइट लागत असल्याने सुमारे ७५ हजार कॉलमध्ये तो संपत होता. एका सहकाऱ्याने युलिमिट या आज्ञेने स्टॅकची मर्यादा ६४ एमबी करून पाहिली, तर प्रोग्रॅम तसाच कोसळला, फक्त किंचित उशिरा.

माझी तक्रार एकच, पण मोठी आहे. स्टॅक संपला, असे जीडीबी कुठेही स्पष्ट सांगत नाही. नल पॉइंटरमुळे (कुठलीच जागा न दाखवणारा पत्ता वापरल्यामुळे) येतो तोच सिग्नल इथेही दिसतो, त्यामुळे ज्या पत्त्यावर घोटाळा झाला तो स्टॅक पॉइंटरच्या (स्टॅकच्या चालू टोकाच्या पत्त्याच्या) जवळ आहे का, हे आपणच ताडून पाहायचे. विंडोजमध्ये निदान या दोषाला स्वतंत्र एरर कोड असतो. फंक्शनमध्ये अवाढव्य लोकल अ‍ॅरे (स्टॅकवरच जागा घेणारी मूल्यांची यादी) घेतल्याने स्टॅक फुटला असेल, तर बॅकट्रेस जेमतेम तीन ओळींचा येतो आणि नवखा माणूस रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणे) नाही म्हणून भलतीकडेच शोधत बसतो.

तरीही पुढच्या वेळी मी हेच साधन उघडेन, मात्र प्रोग्रॅम डीबग माहितीसह आणि ऑप्टिमायझेशन (वेगासाठी कंपायलरने केलेले फेरफार) बंद ठेवून कंपाइल केल्यावरच. ग्राहकाकडची पहिली कोअर फाइल तशा प्रोग्रॅमची नसल्याने आमचा एक अख्खा दिवस वाया गेला.