लायडनचा फुकट महाकोश: फोंड्याच्या आजीचा अभिप्राय

नात नेदरलँड्सच्या युट्रेख्टला वाढतेय, म्हणून मी इथे फोंड्यात बसून डच शिकते. जेवताना सून तिला सारखं बजावते, 'नीट मॉर्सन!' म्हणजे सांडू नकोस. त्यांचं 'नीट' म्हणजे नकार. आपल्या कानाला मात्र 'नीट सांड' असंच लागतं.

ह्या एका क्रियापदापायी लायडनच्या डच भाषासंस्थेचा ऑनलाइन महाकोश उघडला आणि तिथेच रमले. पहिला भाग १८६४चा, काम पुरं झालं १९९८ला, एकूण ४० खंड! छापील घेतला असता तर देवघर हलवावं लागलं असतं. इथे सगळा फुकट. १५०० ते १९७६ पर्यंतचं डच त्यात आहे आणि अर्थासोबत जुन्या लिखाणातले उतारेही.

मॉर्सन पाण्यादुधाला चालतं, तसं पावाच्या चुऱ्यालाही. सोलकढी असो की शितं, हातून सांडलं की मॉर्सन. मुद्दाम ओतायचं तर 'खीटन' हे निराळं. गोतावळा तर विचारू नका: 'मॉर्सिख' म्हणजे गलिच्छ, 'फेर्मॉर्सन' म्हणजे वेळ-पैसा उधळणं. दक्षिण आफ्रिकेतल्या आफ्रिकान्स भाषेत 'खेमॉर्स' म्हणजे सगळा बट्ट्याबोळ.

पण नवशिक्यांनी जपून. सगळं स्पष्टीकरण डचमध्ये, मथळे जुन्या शुद्धलेखनाचे, वर संक्षेपांचा मारा. नुसती रूपं हवीत तर अधिकृत शब्दयादीचं संकेतस्थळ बघा, तेही फुकट: मी मॉर्स, तो मॉर्स्ट, भूतकाळी मॉर्स्टे, पूर्ण झालं की खेमॉर्स्ट. भूतकाळाचा प्रत्यय 'दे' न लागता 'ते' का, तर धातूच्या शेवटी ट, क, फ, स, ख, प असा अघोष ध्वनी आला की 'ते'. डच मुलं त्यासाठी 'ट कोफस्खिप' हे एका जुन्या प्रकारच्या जहाजाचं नाव घोकतात, त्यात हे सगळे ध्वनी येतात. आम्हाला शाळेत संस्कृतच्या बाईंनी अघोष व्यंजनं पाठ करून घेतली होती, त्यामुळे मला जहाज लागलंच नाही.

माझ्याकडून पाचपैकी चार तारे. एक कापला तो संक्षेपांसाठी. कळंगुट-हणजुण्याला गिऱ्हाइकांशी दोन वाक्यं बोलण्यापुरतं डच हवं असेल, तर इथे वेळ फेर्मॉर्सन करू नका.