ताजा काळा रंग आणि त्याखालची सिल

मेकॅनिकने गाडी लिफ्टवर घेतली, डाव्या मागच्या चाकाच्या पुढे स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि जरासा दाबला. तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा पात्याला ओला गंज आणि लांबीचे, म्हणजे भोकं बुजवायच्या पुटीचे, तुकडे चिकटले होते. गाडी घेऊन तीन महिने झाले होते.

गाडी म्हणजे पहिल्या पिढीची मज्दा एमएक्स-५, १९८९ ते १९९७ दरम्यान निघालेली. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास, दोन सीट, कापडी छत. वर पक्कं छप्पर नसल्यामुळे या गाडीत दाराखालच्या पोकळ पेट्या, म्हणजे सिल, फार मोठा भार पेलतात. त्या सडल्या की गाडीची ताकद जाते आणि अपघातात माणूस वाचण्याची शक्यताही कमी होते. म्हणूनच त्या विक्रेत्याचा मला अजून राग येतो. त्याने नुसते पैसे घेतले नाहीत, मला तशा गाडीत बसवून हमरस्त्यावर पाठवलं.

गाडी त्याने संध्याकाळी दाखवली, नुकतीच धुतलेली. ओल्या पत्र्यावर रंगातला फरक आणि पोचे दिसत नाहीत. इंजिन आधीच गरम होतं. 'तुम्ही येणार म्हणून एक चक्कर मारून आणली,' म्हणाला. थंड इंजिन सुरू करताना टॅपेट, म्हणजे झडपा उघडणारे भाग, किती वेळ टिकटिकतात, एक्झॉस्टमधून निळा धूर येतो का, हे बघायची संधीच गेली. वाकून पाहिलं तर पोटाला सगळीकडे चकचकीत काळं कोटिंग. 'गंजू नये म्हणून मुद्दाम करून घेतलंय.' ते ऐकून मी खूश झालो! इतक्या जुन्या गाडीला विकायच्या आधीच नवं कोटिंग का, हे मी विचारलंच नाही.

गंज कुठून येतो ते समजून घ्या, म्हणजे कुठे बघायचं ते कळेल. छतावरचं पाणी मागच्या कडेने सीटच्या मागे, दोन्ही कोपऱ्यांतल्या नळ्यांतून खाली जातं आणि मागच्या चाकांच्या पुढे बाहेर पडतं. पानं, माती अडकून नळी तुंबली की पाणी आत तुंबतं, कार्पेट भिजतं, सिल आतून सडू लागते. बाहेरून फुगवटा दिसेपर्यंत आतला पत्रा बराच गेलेला असतो. बाटलीभर पाणी घेऊन जा. दोन्ही कोपऱ्यांत हळूहळू ओता आणि खाली धार लागते का बघा. सीटमागचं कार्पेट उचलून हात लावा. मग पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक सिलवरून फिरवा, विशेषतः मागच्या चाकाजवळ. जिथे ते पकडत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. एवढ्याला पाच मिनिटं लागतात आणि मी ती दिली नाहीत.

डिकीही रिकामी करून बघा. या गाडीची बॅटरी तिथे असते. सीलबंद बॅटरीऐवजी साधी बसवली असेल तर ॲसिडने खालचा पत्रा खाल्लेला सापडू शकतो.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो, कारण ते दुरुस्त होतं. सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनांत, साधारण १९९१ च्या मध्यापर्यंत, क्रँकचं, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं, पुढचं टोक आखूड होतं. तिथला बोल्ट ढिला राहिला तर पुली जागेवर धरणाऱ्या छोट्या पाचरीची खाच झिजते. इंजिन चालू असताना खालची पुली डगमगते का बघा. पुलीला चार खाचा असतील तर क्रँक आखूड टोकाचा, आठ असतील तर नंतरचा. कागदांवरचा चेसिस नंबर मात्र गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून घ्या.

माझ्या गाडीच्या दोन्ही सिल कापाव्या लागल्या. कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आधार लावावे लागतात, नाहीतर बॉडी मधोमध खचते. उजवीकडची उघडली तेव्हा पोकळीत फोम कोंबलेला निघाला, वर लांबी, वर रंग. म्हणजे करणाऱ्याने भोक पाहिलं होतं. मी फोटो पाठवून विक्रेत्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, 'तुम्ही पाहूनच घेतली होती ना?'